सलामीशिवायची लढत

आमच्या भागात कुस्ती लागण्यापूर्वी दोन्ही पैलवान वाकून मूठभर माती उचलतात, थोडी स्वतःच्या अंगाला लावतात, थोडी समोरच्याच्या अंगावर टाकतात आणि हातात हात देतात. याला सलामी म्हणतात. लहानपणी मला ती निव्वळ रीत वाटायची. पुढे लक्षात आले, की त्या दोन-चार सेकंदांत बरेच काही ठरून जाते. दोघेही आपल्या मर्जीने आले आहेत. लढत आता सुरू होते आहे, हे दोघांनाही माहीत आहे. जोड साधारण बरोबरीची आहे, हातात हत्यार नाही, मध्ये पंच आहे आणि पाठ टेकली की सगळे संपणार आहे.

स्टँडच्या मागच्या बोळात, इमारतीच्या जिन्यात किंवा नातेवाइकाच्या घरातल्या आतल्या खोलीत जे घडते, त्यात यांपैकी एकही गोष्ट ठरलेली नसते. लढण्याची विद्या आणि स्वतःला वाचवण्याची विद्या यांतला फरक डावपेचांचा आहे, असे सहसा समजले जाते. 'रस्त्यावर चालणारे' डाव कोणते आणि 'नुसते दिखाऊ' कोणते, यावर तासन्‌तास वाद होतात. माझ्या मते खरा फरक या सलामीत आहे. तो मला वाचनातून कळण्याआधी दोन प्रसंगांतून कळला.

मी १९८४ साली, सोळाव्या वर्षी कराटे शिकू लागलो. त्या काळी तालुक्याच्या गावांतही भिंतींवर ब्रूस लीची पोस्टरे असायची आणि शाळांच्या मैदानांवर पांढऱ्या गणवेशातली मुले रांगेत उभी राहून, जपानी आकडे मोजत हवेत ठोसे मारायची. मी त्या रांगेत टिकून राहिलो, काळा पट्टा मिळवला आणि बँकेतली नोकरी सांभाळून संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये शिकवू लागलो. १९९६ साली एका रात्री स्टँडवरून घरी येताना एकाने माझ्याकडे काडेपेटी मागितली. मी खिसे चाचपेपर्यंत दुसऱ्याने बाजूने येऊन कानशिलावर मारले होते. मी खाली पडलो, पाकीट गेले. बारा वर्षे घोटलेल्या हालचालींपैकी एकही आठवली नाही. सराव कमी पडला, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि क्लास चालू ठेवला.

ती समजूत २००९ साली एका विद्यार्थिनीने मोडली. सहा वर्षे माझ्याकडे शिकलेली, स्पर्धांत पदके मिळवलेली मुलगी. तिचे येणे एकाएकी बंद झाले. काही महिन्यांनी भेटली तेव्हा तिने सांगितले, की नात्यातल्याच एका माणसाने तिच्यावर हात टाकला होता आणि तिच्याकडून प्रतिकार झाला नव्हता. माझ्या तोंडून निघून गेले, "अगं, तुला तर सगळं येत होतं!" ती म्हणाली, "सर, क्लासमध्ये समोरचा आधी वाकून नमस्कार करतो. हा तर आमच्याकडे चहाला यायचा. सुरू कधी झालं तेच कळलं नाही."

त्यानंतर दोन वर्षे मी शिकवणे थांबवले आणि मिळेल ते वाचत गेलो. पुढचे विवेचन त्या वाचनातून आले आहे.

रांग कुठून आली?

आपल्याकडे कराटे म्हणून जे पोचले, ते मुळात शाळेसाठी बेतलेले होते. ओकिनावा बेटावर ही विद्या पूर्वी मोजक्या शिष्यांना, घराच्या अंगणात शिकवली जाई. इतोसु आन्को या गुरूंनी १९०१ च्या सुमारास ती तिथल्या शाळांमध्ये आणली आणि १९०८ साली तिचे फायदे सांगणारे दहा कलमी पत्र सरकारी अधिकाऱ्यांना लिहिले. एका शिक्षकाने मोठ्या वर्गाला शिकवायचे, मुले सुरक्षित राहायची आणि त्यांच्या अंगी शिस्त बाणायची, तर रांगा हव्यात, मोजणी हवी, ठरीव हालचालींचे सोपे संच हवेत. इतोसुंनी मुलांसाठी असे पाच संच बांधले. फुनाकोशी गिचिन यांनी १९२२ साली टोकियोत कराटेचे प्रात्यक्षिक केले आणि तिथून हा शालेय साचा विद्यापीठांत व पुढे जगभर गेला. माझी शाळेच्या मैदानावरची रांग थेट त्या शाळांमधून आली होती. तिने मला उत्तम व्यायाम दिला, शिस्त दिली. काडेपेटी मागणाऱ्या माणसाचा विचार तिच्या आखणीत कधी नव्हताच.

आपल्या मर्दानी खेळांचीही गोष्ट फार वेगळी नाही. दांडपट्टा, फरी-गदका, बोथाटी, लाठी ही एके काळी रणातली साधने होती. राज्ये गेली, १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाच्या हातातले हत्यार परवान्याच्या कचाट्यात सापडले, आणि ही विद्या तालमींच्या व पेठांच्या अभिमानावर तगली. कोल्हापुरात आजही पट्टेकऱ्याने माणसाच्या हातावरचे लिंबू कातडीला धक्का न लावता कापले की टाळ्या पडतात. त्या हाताची सफाई शंभर नंबरी आहे. पण लिंबू हलत नाही आणि ज्याच्या हातावर ते ठेवले आहे, तो श्वास रोखून सहकार्य करत असतो. बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेल्या 'व्यायामज्ञानकोशा'च्या दहा खंडांत या विद्यांची तपशीलवार नोंद आहे. ते खंड चाळताना जाणवते, की आपल्या पूर्वजांना प्रदर्शन आणि प्रसंग यांतले अंतर ठाऊक होते. लाठी फिरवण्याचे हात वेगळे सांगितले जात, जमावातून वाट काढण्याचे वेगळे.

कानोंचा उलटा न्याय

मग औपचारिक विद्या निरुपयोगी ठरतात का? या वळणावर पुष्कळ जण घाईने 'हो' म्हणतात आणि चुकतात. ज्यूदोचे जनक कानो जिगोरो यांचे उदाहरण पाहावे. १८८२ साली त्यांनी टोकियोतल्या एका मंदिरात, अवघ्या बारा चटयांच्या जागेत कोडोकान ही शाळा काढली. जुन्या जुजुत्सूतले सांधे मोडणारे आणि डोळ्यांवर जाणारे डाव त्यांनी मोकळ्या झुंजीतून वगळले. वरवर पाहता त्यांनी विद्येचे दात काढले. पण त्यामुळे त्यांच्या शिष्यांना रोज पूर्ण ताकदीने, नकार देणाऱ्या माणसाशी झुंजता आले. घातक डाव फक्त सावकाश आणि जोडीदाराच्या संमतीनेच घोटता येतो. फेक मात्र रोज शंभरदा खरीखुरी मारता येते. १८८० च्या दशकात पोलीस खात्याने भरवलेल्या सामन्यांत कोडोकानच्या मुलांनी जुन्या घराण्यांच्या खेळाडूंना मात दिली, ती याच जोरावर.

आपल्या तालमीत हेच तत्त्व 'जोर करणे' या शब्दात आहे. समोरचा पडायला तयार नाही, तो ढकलतो आहे, मान दाबतो आहे, आपला दम संपत आला आहे: ही भावना ज्याने रोज अनुभवली, त्याचे शरीर धक्काबुक्कीत पहिल्याच क्षणी गोठत नाही. म्हणून नुसत्या हवेत ठोसे मारणाऱ्यापेक्षा दोन वर्षे लाल मातीत लोळलेला मुलगा प्रसंगात बरा ठरण्याची शक्यता जास्त. शिवाय त्याला पडता येते. रस्त्यावरच्या मारामारीत पुष्कळदा ठोशापेक्षा डोके फरशीवर किंवा कठड्यावर आपटल्याने माणूस दगावतो. हनुवटी छातीला लावून पडण्याची सवय हा कुस्तीचा आणि ज्यूदोचा सर्वांत व्यवहारी धडा आहे. त्याला कोणी पदक देत नाही, एवढेच.

तेव्हा तालमीत मिळते ते खरे आहे. फक्त ते सलामीनंतरचे आहे.

शांघायचा शिपाई

सलामी नसलेल्या लढतीचा विचार ज्यांनी पहिल्यांदा पद्धतशीर केला, त्यांत विल्यम फेअरबेर्न हे नाव महत्त्वाचे आहे. हा इंग्रज १९०७ साली शांघायच्या म्युनिसिपल पोलिसांत दाखल झाला. त्या दलात चिनी शिपाई होते, आपल्याकडून गेलेले शीखही होते. शांघाय बंदर गुन्हेगारीसाठी बदनाम. नोकरीच्या सुरुवातीच्या काळातच एका टोळीने फेअरबेर्नला मरणाच्या दारी जाईपर्यंत मारले. बरा झाल्यावर तो एका जपानी गुरूकडे जुजुत्सू शिकू लागला आणि पुढे कोडोकानचा काळा पट्टाही त्याने मिळवला. मात्र आपल्या शिपायांना शिकवताना त्याने ती सारी संपत्ती बाजूला ठेवली. १९२६ साली 'डिफेंडू' या नावाने त्याने आपल्या पद्धतीचे पुस्तक काढले आणि दुसऱ्या महायुद्धात कमांडोंना शिकवताना ती आणखी छाटली. शेवटी उरले ते बोटांवर मोजण्याइतके फटके: तळहाताच्या मुळाने हनुवटीखाली, हाताच्या कडेने मानेवर, गुडघ्याने जांघेत. १९४२ साली त्याने स्त्रियांसाठीही स्वसंरक्षणाचे छोटे पुस्तक लिहिले.

ही छाटणी आळसातून आलेली नव्हती. एकाएकी जिवावर बेतले, की शरीरात अ‍ॅड्रिनलिन उसळते, छाती धडधडते, बोटांचे नाजूक काम बिघडते, नजर अरुंद होते, कधी आवाजही ऐकू येईनासे होतात. दाराला चावी लागत नाही, तिथे मनगटाचा पेच काय लागणार? मोठ्या स्नायूंच्या दोन-तीन ढोबळ हालचाली तेवढ्या शिल्लक राहतात. १९९६ च्या त्या रात्री माझ्या स्मरणशक्तीचा दोष नव्हता. मी पाठ केलेले सामान त्या क्षणी उघडता येणारे नव्हते.

दुसरा धडा अंतराचा. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. चाकू घेतलेला माणूस २१ फुटांवरून धावत आला, तर तो साधारण दीड सेकंदात पोचतो. तेवढ्यात कमरेचे पिस्तूल काढून झाडणे प्रशिक्षित पोलिसालाही जेमतेमच जमते. जिथे पिस्तुलाची ही कथा, तिथे हात लांब करून बोलण्याच्या अंतरावर उभ्या असलेल्या चाकूवाल्याचे मनगट पकडण्याचा डाव क्लासमध्ये शिकवणे म्हणजे विद्यार्थ्याच्या जिवाशी खेळ आहे. मी तो अनेक वर्षे शिकवला. आज शिकवायचे ते एवढेच: पाकीट मागितले तर ते एका बाजूला फेका आणि दुसऱ्या बाजूला पळा, मध्ये मोटारगाडी, टेबल, रिक्षा, काहीही येऊ द्या. पाकीट नकोच असेल, माणूसच हवा असेल, तर तेव्हा ते दोन-तीन ढोबळ फटके, आणि तेही निसटण्यापुरते.

फटक्याआधीचा वेळ

म्हणजे बचावाचा मोठा भाग फटक्याआधी घडतो. अनोळखी हल्लेखोर बहुधा आधी चाचपणी करतो. वेळ विचारतो, पत्ता विचारतो, काडेपेटी मागतो. उत्तरापेक्षा त्याला तुमची मान खाली जाणे, हात खिशात जाणे आणि स्वतःला जवळ येता येणे हवे असते. जोडीदार असेल तर तो याच वेळी बाजूला सरकतो. अशा वेळी न थांबता, चालता चालता "नाही" म्हणणे, दोन पावले अंतर वाढवणे, दोन्ही तळहात छातीपुढे उघडे धरून मोठ्याने "लांब राहा" म्हणणे, हेच डाव. बघणाऱ्याला ते हात आर्जवाचे वाटतात. प्रत्यक्षात चेहऱ्यापुढे पहारा उभा राहिलेला असतो.

याला कायद्याचाही आधार आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतली ९६ ते १०६ ही कलमे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४ झाली आहेत. त्यांनुसार शरीराच्या बचावाचा हक्क पहिला फटका बसल्यावर सुरू होत नाही. हल्ल्याच्या प्रयत्नाने किंवा धमकीने धोक्याची रास्त भीती निर्माण झाली, की तो सुरू होतो आणि ती भीती असेतोवर टिकतो. थोडक्यात, कायदाही सलामीची वाट पाहायला सांगत नाही. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा मात्र करता येत नाही. दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, की जिवावर बेतलेल्या माणसाकडून तराजूत तोलून मापून प्रतिकाराची अपेक्षा करता येणार नाही. पण धोका टळल्यावर पळणाऱ्याचा पाठलाग करून मारलेला फटका बचाव राहत नाही. पडलेल्याला आणखी दोन लाथा घालणारा स्वतःच आरोपी होतो. थांबायचे कधी, हे तालमीत पंच सांगतो. रस्त्यावर ते आपल्यालाच ओळखावे लागते.

चहाला येणारा माणूस

आता त्या विद्यार्थिनीकडे परत येतो, कारण वरच्या सगळ्या विवेचनात तिचे उत्तर अजून आलेले नाही. तिच्यापुढे बोळातला अनोळखी माणूस नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत वर्षामागून वर्ष एक गोष्ट दिसते: नोंदल्या गेलेल्या बलात्कारांच्या नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. आणि आपले क्लास मात्र मुलींना झुडपामागून येणाऱ्या माणसासाठी तयार करत असतात.

या बाबतीत मला सर्वांत जास्त शिकवले ते कॅनडातल्या एका अभ्यासाने. शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी तीन विद्यापीठांतल्या ८९३ विद्यार्थिनींचे दोन गट केले. एका गटाला माहितीपत्रके दिली. दुसऱ्या गटाला तीन-तीन तासांची चार सत्रे दिली. पहिल्या सत्रात ओळखीच्या माणसाच्या वागण्यातला धोका कसा हेरायचा, ते होते. दुसऱ्यात तो धोका स्वतःशी कबूल करण्यात मन आड कसे येते, ते. हातापायांचे प्रत्यक्ष स्वसंरक्षण आले ते तिसऱ्या सत्रात. चौथे सत्र स्वतःच्या इच्छा आणि नातेसंबंध यांविषयी होते. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरात बलात्काराला सामोरे जावे लागलेल्या मुलींचे प्रमाण पत्रके मिळालेल्या गटात ९.८ टक्के होते, तर प्रशिक्षित गटात ५.२ टक्के. बारा तासांत कोणी पट्टा मिळवत नाही. बदलले ते हे, की 'हे चुकीचे चालले आहे' असे स्वतःशी म्हणायला लागणारा वेळ कमी झाला. हल्ल्याची जबाबदारी नेहमी हल्लेखोराचीच. पण माझ्या विद्यार्थिनीला जे 'कळलंच नाही', ते शिकवता येते, हे या अभ्यासाने दाखवून दिले. सहा वर्षांत मी ते शिकवले नव्हते.

रवींद्रनाथांना हे बहुधा आधीच उमगले असावे. १९२९ साली त्यांनी जपानहून ताकागाकी शिन्झो या ज्यूदो शिक्षकाला शांतिनिकेतनात बोलावले. मुलांबरोबर मुलीही शिकल्या. १९३१ साली कोलकात्यात झालेल्या प्रात्यक्षिकासाठी रवींद्रनाथांनी एक गीत लिहून दिले. त्या गीताचा विषय फेका आणि पेच नव्हता; संकोच आणि भीती झटकून टाकण्याचा होता.

आपल्या घरांत मुलींना हा संकोच लहानपणापासून शिकवला जातो. मोठ्यांना उलट बोलू नये, पाहुण्यासमोर तमाशा करू नये, 'काका आहेत ना, जा जवळ'. हा शिकवलेला संकोच हल्लेखोराच्या पथ्यावर पडतो. त्याला ठाऊक असते, की ही ओरडणार नाही, कारण ओरडणे असभ्य आहे.

२०११ साली मी पुन्हा क्लास सुरू केला. सलामी आम्ही सोडलेली नाही. वाकून नमस्कार होतो, मग जोर, मग पडण्याचा सराव. पण शेवटची वीस मिनिटे नमस्काराविना असतात. एक खुर्ची मांडतो, मी ओळखीचा पाहुणा होतो, मुलीच्या खांद्यावर हात ठेवून विचारतो, "काय, अभ्यास कसा चाललाय?" तिने माझा हात बाजूला करून, साऱ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे असते, "काका, हात काढा." एका फटक्यात दोन मंगलोरी कौले फोडणाऱ्या मुली या वाक्यापाशी अडखळतात, हसतात, खाली पाहतात. काहींना ते जमायला दोन महिने लागतात. पहिल्यांदा नीट जमते तेव्हा हॉलमध्ये क्षणभर शांतता पसरते. मग पुढची मुलगी खुर्चीवर येऊन बसते.